ओळख आणि कागद

निगडी-प्राधिकरणात जर्मनीला जाणं आता कुणाला नवलाचं वाटत नाही. अमक्यांचा मुलगा स्टुटगार्टला, तमक्यांची मुलगी ड्रेस्डेनला, हे किराणा दुकानाच्या पायरीवरही ऐकू येतं. त्याचं मूळ गावातच आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी-चिंचवडच्या माळरानाचे प्लॉट पडले. १९९५ मध्ये भारतातली मर्सिडीज टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात जोडली जाऊ लागली, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीजही चाकणला गेली. कंपनीच्या बसवरची जर्मन नावं वाचत शाळेत गेलेल्या मुलांना तो देश फार लांबचा वाटत नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आपला पहिला नंबर.

त्या गर्दीतली मी एक. महाळुंग्याजवळ गाड्यांचे पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला होते, तिथून आखेनला आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात मास्टर्स करायला गेले, आणि आता पुन्हा याच पट्ट्यात नोकरी करते. तिथे काय शिकलीस, असं लोक विचारतात. उत्पादन अभियांत्रिकी, हे उत्तर त्यांना पुरत नाही आणि मलाही नाही. माझ्या ध्यानात राहिला तो एक फरक. आपल्याकडे काम ओळखीवर चालतं, तिकडे कागदावर. दोन्हींत सोय आहे, दोन्हींत माणूस अडकतो. पुढचे मुद्दे त्याच फरकाभोवतीचे आहेत, सुचतील त्या क्रमाने.

१. हजेरी घेत नाहीत याचा आनंद पहिली परीक्षा येईपर्यंत टिकतो. वेळापत्रकात दहा लिहिलेले असले तरी लेक्चर बहुधा सव्वादहाला सुरू होतं. संपलं की मुलं टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात, प्राध्यापक मान हलवून निघून जातात. जर्नल नाही, सबमिशन नाही, इंटर्नलचे मार्क बहुतेक विषयांना नाहीत. सत्राच्या शेवटी एक परीक्षा, आणि तिलाही नाव आपणच नोंदवायचं. नाही नोंदवलं तर कुणी फोन करत नाही. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास, ५ म्हणजे नापास. साधारण तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही विषय गेला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. एटीकेटीवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला वेळ लागतो.

आपल्या कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री एका मुलीचं जर्नल अख्ख्या बॅचमध्ये फिरतं आणि सकाळी सरांच्या सहीसाठी रांग लागते. त्या रांगेची टिंगल मीही केली आहे. पण त्याच रांगेत सर आपल्याला ओळखायला लागतात. कोण घरून पैसे आले नाहीत म्हणून गप्प आहे, कोण आठवडाभर दिसलं नाही, हे त्यांना कळतं. माझी चाकणची पहिली नोकरी अशाच एका सरांच्या शब्दावर लागली होती. आखेनमध्ये पहिल्या हिवाळ्यात आमच्यातली काही मुलं खोलीतून बाहेर पडेनाशी झाली, आणि विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर त्याची नोंद व्हायचं कारण नव्हतं. ते मित्रांनीच ओळखायचं, आणि ओळखलंही मित्रांनीच.

२. निकाल लागल्यावर एका ठरलेल्या दिवशी आपला तपासलेला पेपर बघायला बोलावतात. तो अर्धा-पाऊण तास मला पुष्कळ लेक्चर्सपेक्षा जास्त शिकवून गेला. मोठा हॉल, अंतर ठेवून मांडलेली बाकं, मोबाइल बंद, पेन पिशवीत. हातात आपला पेपर आणि शेजारी कुठल्या पायरीला किती गुण याचा तक्ता. पीएचडी करणारा एक सहायक रांगांमधून फिरत असतो.

माझ्या पुढच्या बाकावर आपल्याकडचाच एक मुलगा होता. पास व्हायला त्याला दीड गुण कमी पडत होता. तो सहायकाला कळवळून सांगत होता की ही शेवटची संधी आहे, शिक्षणाचं कर्ज आहे, वडील रिटायर झालेत. सहायकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठे?" कुठल्या प्रश्नात, कुठल्या ओळीत गुण राहिला, ते दाखव. मुलगा पुन्हा कर्जावर आला. पुन्हा तोच प्रश्न. शेवटी शेजारच्या एका इराणी मुलीने त्याचा पेपर स्वतःकडे ओढला, तक्त्याशी ताडून पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे त्याचं एकक चुकलं होतं, पण त्या चुकीच्या आकड्यावरून पुढचं सगळं गणित त्याने बरोबर केलं होतं. चूक पहिल्या पायरीची, तर पुढच्या पायरीचे गुण कापायचे नाहीत, असं तक्त्यातच होतं. सहायकाने वाचलं, दोन गुण वाढवले, सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेला. उपकार केल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. आमचा मुलगा मात्र त्याच्या पाठीला दहा वेळा थँक्यू म्हणत राहिला.

मला कंपनीतलं आमचं इनवर्ड, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायची जागा, आठवलं. माल नापास केला की व्हेंडरचा माणूस येऊन उभा राहायचा, कधी आळंदीहून आणलेले पेढे घेऊन. "घ्या ना मॅडम. दोन भोकं जरा सरकलीत, पण बसतंय सगळं. लाइन थांबली तर मालक मला ठेवणार नाहीत." अशा मालासाठी डेव्हिएशन नावाचा सरळ रस्ता असतो. भोक इतकं सरकलंय, जोडून बघितलंय, इतके नग आहेत, अमुक तारखेपर्यंत डाय दुरुस्त होईल, एवढं लिहून दिलं तर सही पाच मिनिटांचं काम. पुष्कळदा त्याची बाजू बरोबरही असायची. पण मागायचा तो दयाच. आपण घरापासून तलाठी कार्यालयापर्यंत विनवणीनेच कामं होताना बघतो, त्यामुळे आपला हक्क लिहिलाय कुठे, हे शोधायला कुणी जात नाही. आता मीही विचारते, "कुठे?" मॅडम बाहेर जाऊन आल्यापासून फार कडक झाल्यात, असं माझ्यामागे बोलतात म्हणे.

३. विद्यापीठाच्या कार्यशाळेचा कारभार माइस्टरच्या हातात असतो. माइस्टर म्हणजे फिटर-टर्नरसारखं काम शिकून, वर्षानुवर्षं करून, वरची परीक्षा पास झालेला कारागीर. आमच्या माइस्टरांनी पहिल्या दिवशी अंगठ्या, बांगड्या, ओढण्या काढायला लावल्या, केस बांधायला लावले. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, हेही सांगितलं, कारण मोजा अडकला तर हाताला ओढून नेतो. मग प्रत्येकाची सही. एका पीएचडीवाल्याला घाई होती, सही नंतर करतो म्हणाला. माइस्टर म्हणाले, मग मशीनही नंतर. तो गेला आणि सूचना ऐकायला दुसऱ्या दिवशी आला. प्रोफेसरांकडे जाऊन 'बघा ना सर' करावं, हे त्याच्या मनातही आलेलं दिसलं नाही.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणावर असले की डायखाली बोट राहत नाही. इकडे व्हेंडर-भेटीला गेले असताना एका शेडमध्ये मी पाहिलं की डावं बटण लाकडाचा तुकडा आणि पॅकिंगची टेप लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. ऑपरेटर डाव्या हाताने पत्रा सरकवायचा आणि उजव्याने स्ट्रोक मारायचा. मूळचा जतकडचा, विशीतला मुलगा. बटण असं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, दोन हातांनी टार्गेट होत नाही."

मी रिपोर्ट लिहिला, टेप निघाली. पुढच्या भेटीला गेले तेव्हा लाकडाचा तुकडा नवा होता.

या पट्ट्यात बोटं गेलेली माणसं बघायला फार फिरावं लागत नाही. बसस्टॉपवर, वडापावच्या गाडीवर उभं राहिलं तरी एखादा तोटका पंजा दिसतो. सुरक्षेची पोस्टरं आपल्याकडेही आहेत, मराठीत आणि हिंदीत, रंगीत. आखेनचे माइस्टर काही त्या शेडच्या मालकापेक्षा जास्त दयाळू असतील असं मला वाटत नाही. स्वभावाने खडूसच होते. पण त्यांचा नकार वरून कुणी खोडत नव्हतं. आमच्या त्या मुलाने टेप काढून ठेवली असती तर संध्याकाळी त्याचे नग कमी भरले असते आणि दुसऱ्या दिवशी गेटवर दुसरा मुलगा उभा असता.

४. प्रश्न ज्याला विचारलाय त्याला उत्तर देऊ द्यावं. माझ्या आधीच्या कंपनीत ग्राहकाकडून एक जर्मन बाई ऑडिटला आल्या होत्या. प्रेसवरच्या मामांना त्यांनी विचारलं, पार्ट खराब व्हायला लागला हे तुम्हाला कसं कळतं? उत्तर सुपरवायझरने दिलं, कंट्रोल प्लॅनचा नंबर सांगून. बाई म्हणाल्या, मी यांना विचारलं. मी दुभाष्याचं काम करत होते. मामा थोडे संकोचले, एकदा साहेबांकडे बघितलं, मग म्हणाले, "आवाज बदलतो." पंच बोथट होऊ लागला की पत्र्याला बर यायच्या आधीच ठोक्याचा आवाज जड होतो. बाईंनी ते लिहून घेतलं. सुपरवायझरला वाटलं, आता मेजर एनसी, म्हणजे ऑडिटमधला मोठा शेरा, येणार. आली नाही.

पुढे आखेनला याच विषयावर एक अख्खं लेक्चर ऐकलं. साधन झिजताना निघणाऱ्या ध्वनितरंगांना सेन्सरने पकडायचं, आलेखावर झीज कुठे सुरू होते ते ओळखायचं. मागच्या बाकावर बसून मला मामांचाच चेहरा दिसत होता. सेन्सरला झोप येत नाही आणि तो तिन्ही पाळ्यांना सारखंच ऐकतो, हे खरं. पण मामांना तेवीस वर्षं हे माहीत होतं आणि बाईंच्या आधी कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

५. पैशाची गोष्ट मुलं मोकळेपणाने सांगत नाहीत, म्हणून सांगते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरायची. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. एजंट 'फुकट शिक्षण' म्हणतात तेव्हा राहण्याखाण्याचं बोलत नाहीत. व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो आकडा ११,९०४ युरो झाला, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे आपलेच, पण हातात हप्त्याने येतात. घरभाडं आणि आरोग्यविमा गेला की उरलेल्यात तूरडाळ की मसूर, याचा विचार करावा लागतो. मसूर तुर्की दुकानात स्वस्त मिळते.

मग मुलं कामाला लागतात. कॅफेत भांडी घासणं, गोदामात पार्सलं लावणं, नशीब असेल तर विद्यापीठातच सहायकाचं काम. घरी कप न विसळलेली मुलं चार-चार तास भांडी घासतात आणि फोनवर आईला लायब्ररीत आहे म्हणून सांगतात. बरोबरच्या जर्मन मुलांना यात लपवण्यासारखं काही वाटायचं नाही. एकाचे वडील डॉक्टर होते आणि तो बेकरीत पहाटे चारला ट्रे उचलायचा. आपल्याकडे कामाला जात चिकटलेली असते, हे पुस्तकात वाचलेलं मला त्या सिंकपाशी दिसलं. आम्हा मुलांमध्येही कुणी कुठलं काम धरायचं नाही, हे घरच्या आडनावावरून बऱ्यापैकी सांगता यायचं. यावर तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही.

६. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत केली की मिळते. संध्याकाळी स्टेशनवर म्हातारी माणसं कचरापेट्यांत टॉर्च मारून बाटल्या शोधताना दिसतात. श्रीमंत देशातली म्हातारी माणसं. रिकामी बाटली पेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवायची पद्धत मुलांमध्ये आहे, म्हणजे कुणाला आत हात घालावा लागत नाही. नियम नाही, दंड नाही, कुणी सांगतही नाही. कागदावर चालणाऱ्या देशात ही एक गोष्ट कागदाबाहेरची पाहिली.

७. शेजारी चिठ्ठी लिहितात. माझ्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. एकदा दाराला चिठ्ठी लागली: या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची होती. तळाशी तारीख आणि सही. दार वाजवून सांगायला काय होतं, म्हणून मला रागच आला. आपल्या सोसायटीत हेच काम व्हॉट्सॲप ग्रुपवर झालं असतं, चाळीस जणांसमोर, नाव न घेता आणि सगळ्यांना कळेल असं. त्या हिशेबाने चिठ्ठी सभ्य म्हणायची. याच आजी मी घरी नसताना माझी पार्सलं घेऊन ठेवायच्या आणि कधी बोलून दाखवायच्या नाहीत. दिवाळीत त्यांना शंकरपाळ्यांची ताटली नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ताटली घासून दाराशी ठेवलेली, आणि आत पुन्हा चिठ्ठी: मैदा किती ग्रॅम घ्यायचा?

माझं प्रमाण वाटीचं. ग्रॅममध्ये काढून देण्यात माझा अख्खा रविवार गेला. दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत, त्यामुळे रविवारी तिकडे वेळ असतोच.

८. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची दंतकथा आहे. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवर धरून. चाकणला तळेगाव चौक ते आंबेठाण चौक रोज करणाऱ्या माणसाने हे वाचून खूश व्हायचं कारण नाही, पण थोडं होता येतं.

९. मोजण्याआधी माप तपासावं. आमच्या धंद्यात गेज आर अँड आर नावाची चाचणी असते. साधारण दहा पार्ट, तीन माणसं, प्रत्येकाने तेच पार्ट दोन-तीन वेळा मोजायचे, आणि कुठला पार्ट हातात आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मोजमापातला घोळ दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगलं, तीसच्या वर गेला तर त्या गेजवर विसंबायचं नाही. आपल्या पट्ट्यात हा आकडा बहुतेक फायलींत नऊ टक्क्यांच्या आसपास येतो. कसा येतो, हे क्वालिटीत काम केलेल्या कुणालाही विचारा. हसतील.

आखेनला असताना इरावती कर्वे यांच्याबद्दल वाचलं. तोवर माझ्यासाठी त्या 'युगान्त'च्या लेखिका होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या पुण्याहून बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या विचाराचं त्या काळातलं मोठं नाव. पुढे नाझींनी हाच विचार उचलला. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू अगदी सारखी नसते. या असमानतेचा संबंध वंशाशी आहे, युरोपीय कवट्या वेगळ्या निघतील, असं मार्गदर्शकांचं म्हणणं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहून टाकलं. परका देश, उसनवारीने जमवलेले पैसे, गुण देणारा माणूस समोर, आणि त्याला नको असलेलं उत्तर. धैर्य वगैरे शब्द आपण लगेच वापरतो. मला त्यात कसबी माणसाचा हट्टही दिसतो: आकडा जो आला तो आला.

माझ्या प्रबंधातही मांडलेला अंदाज खोटा ठरला. डाय बदलताना जाणारा वेळ एका पद्धतीने कमी होईल असं आम्ही मांडलं होतं, तो झाला नाही. माझा मार्गदर्शक सहायक हातातला कॉफीचा कप खाली न ठेवताच म्हणाला, छान, मग का झाला नाही ते लिही. त्या प्रकरणावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले. हे सोपं होतं, कारण माझा आकडा कुणाच्या बढतीला चिकटलेला नव्हता. चाकणला तो असतो. महिन्याच्या तीस तारखेला रिजेक्शनचा आकडा कोण विचारतंय, यावर आकडा ठरतो.

१०. कागद म्हणजे सगळं छान, असं वर वाचून वाटलं असेल तर थांबा. आपल्याकडे कागद कमी नाहीत. आयएटीएफ १६९४९ चं गुणवत्तेचं प्रमाणपत्र रिसेप्शनला फ्रेम करून लावलेलं असतं. मशीनपाशी लटकणारं चेकशीट नीट बघा. दर दोन तासांनी भरायच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाच दमात भरलेल्या असतात, कधी पाळी संपायच्या आधीच. ते भरणाऱ्या मुलाला शिवी देण्यात अर्थ नाही, त्याला दर दोन तासांनी मशीन सोडायची मुभाच नसते.

तिकडचा कागदही माणसाला छळतो. राहण्याचा परवाना वाढवायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मिळायला काही शहरांत महिनोन्‌महिने जातात. तोवर तात्पुरतं पत्र, त्या पत्रावर मालक नोकरी देईल की नाही याची धाकधूक. तिथे कुणी 'भाऊ' नसतो ज्याला फोन लावावा. आमच्यातल्या एकीची आजी गेली तेव्हा तिला निघता आलं नाही, कारण ती गेली असती तर त्या कागदावर परत येता आलं नसतं. खिडकीमागची बाई नियम सांगत होती आणि नियम बरोबर होता. महाळुंग्यात एचआरच्या साहेबांनी अशा वेळी रजेचा अर्ज नंतर दे, आधी गाडी पकड, म्हणून स्वतःच्या मोटारसायकलवरून एकाला राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर सोडलेलं मी पाहिलंय. त्याच साहेबांनी दुसऱ्या एकाची रजा, तो 'आपल्यातला' नव्हता म्हणून, अडवलेलीही पाहिली आहे.

११. हल्ली रविवारी ओळखीतून मुलं घरी येतात, जाऊ की नको विचारायला. बरोबर आई-वडील असतातच. मी आधी नोकऱ्यांचं बोलते, कारण एजंट बोलत नाही. जर्मन मोटार उद्योग सध्या माणसं कमी करतोय. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी जो करार केला त्यात २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरलंय, तेही सक्तीने न काढता. इंजिन आणि गिअरबॉक्स शिकून सरळ तिकडे चिकटू, हा हिशेब दहा वर्षांपूर्वीचा. इंग्रजीतून डिग्री मिळते, पण शॉपफ्लोअरवरची नोकरी जर्मन आल्याशिवाय मिळणं अवघड, म्हणून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निदान बी-वन पातळीपर्यंत इथेच शिकून जा. २०२२ पासून शैक्षणिक कागद तपासल्याचा एपीएसचा दाखला लागतो, त्याला वेळ धरा. फ्लॅट गहाण टाकणार असाल तर हप्ता रुपयांत किती बसेल ते आधी काढा, युरोत पगार मिळेल असं धरून नको.

एवढं झाल्यावर मी मुलाकडे वळून विचारते, तुझ्या पासपोर्टचा अर्ज कुणी भरला? मुलगा तोंड उघडतो. उत्तर आई देते.